ओठ गातात, मन कापसात

दारव्हा तालुक्यातील एका लहान ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) एक बाई कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्याकडे आल्या. त्यांची ओळख पटणार नाही इतपत तपशील मी येथे बदलले आहेत. सहा महिन्यांपासून त्या रविवारच्या उपासनेत नुसते ओठ हलवीत होत्या, आवाज काढीत नव्हत्या. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, तोंड गाते अन् मन कापसात असते. मंग हे ढोंगच नाही काय?" पुढच्या बाकावरच्या बाईचे डोळे प्रत्येक गीताला भरून येतात, आपले येत नाहीत, हेही त्यांनी सांगितले. ही शंका माझ्याकडे अनेकजण घेऊन येतात. गप्प राहण्यापर्यंत मात्र थोडेच जातात.

झोप, भूक आणि जगण्याचा कंटाळा यांविषयी मी प्रथम विचारले, कारण आपल्या भागात ते विचारल्यावाचून पुढे जाणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. तिथे काळजीसारखे काही नव्हते. मग गाताना नेमके काय होते, ते त्यांना ओळीओळीने सांगायला लावले. ध्रुपद त्या सहज म्हणत. पहिल्या कडव्यात 'आपल्याला काही वाटते आहे का' हे तपासू लागत आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत शब्द बाजूला पडून ती तपासणीच उरे. कापूस त्यानंतर आठवत असे. म्हणजे मन शेतात जाण्याआधीच स्वतःवर पहारा द्यायला बसलेले होते.

त्यांच्या मनात रुतलेले वचन बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 29व्या अध्यायातले होते: लोक ओठांनी सन्मान करतात, अंतःकरण मात्र दूर असते. मी त्यांना मत्तयाचा 15वा अध्याय उघडायला सांगितला, कारण येशूने हेच वचन तिथे परूशी आणि शास्त्री या यहुदी धर्मपुढाऱ्यांना लावले आहे. आईबापांना जे द्यायचे ते देवाला अर्पण केले असे म्हणून त्यांच्या पोषणातून मोकळे होण्याची वाट त्या लोकांनी काढली होती. गाताना मन भटकल्याचा दोष तिथे कोणावर ठेवलेलाच नाही. या बाई तर अंथरुणाला खिळलेल्या सासूला पुसून, भरवून मगच देवळात येतात. ते वाचून झाल्यावर त्या बराच वेळ पुस्तकावर बोट ठेवून बसल्या.

डोळ्यांतल्या पाण्याविषयीही बोलणे झाले. प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या दहाव्या भागात उलटीच तक्रार केली आहे: गीताच्या अर्थापेक्षा गाणाऱ्याचा आवाजच आपल्याला अधिक हेलावून गेला, तर तो आपला अपराध होय, असे ते लिहितात. तेव्हा अश्रू हे माप धरायचे, तर ते दोन्ही बाजूंनी फसते.

उपाय म्हणून मी त्यांना गीत आधी चालीवाचून, बोलल्यासारखे वाचायला सांगितले आणि आज खरेपणाने म्हणता येईल अशी एकच ओळ निवडायला लावली. जी ओळ आज खरी वाटत नाही, ती मागणे म्हणून गावी. बायबलमधली तक्रार करणारी स्तोत्रेही उपासनेचीच आहेत. 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला शेवटी आनंदाचे कडवे जोडलेले नाही. शिवाय आपल्याकडची पुष्कळ गीते भजनाच्या वळणाची आहेत (1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ही वाट रुंद केली), त्यामुळे पुढे गाणारा एक ओळ म्हणतो आणि मंडळी ती परत म्हणते; पहिल्या वेळी निसटलेला अर्थ दुसऱ्या वेळी धरता येतो. मन भटकले, तर स्वतःला न रागावता पुढच्या ध्रुपदाला परत यावे, एवढेच मी सांगितले.

महिनाभराने त्या आल्या तेव्हा म्हणाल्या की, एका रविवारी तिसऱ्या कडव्यात सासूची गोळी द्यायची राहिल्याचे आठवले, तरी ध्रुपदाला त्या परतल्या. आता त्या साउंड बॉक्सजवळची जागा सोडून ढोलकीवाल्याच्या बाजूला बसतात. तिथे आपला आवाज आपल्याला ऐकूच येत नाही, म्हणून मोकळेपणाने गाता येते, असे त्यांचे म्हणणे आहे.