साताऱ्यात व्यसनांवरच्या संशोधन केंद्राला वरिष्ठ प्रमुख कसा मिळवावा?

तुम्ही लिहिलंय की विद्यापीठानं व्यसनांवर संशोधन केंद्र काढलंय, पण जाहिरात देऊनही प्रमुखपदासाठी मनाजोगा अर्ज येत नाही. मी सांगलीचा. निवड समित्यांवर बरीच वर्षं बसलोय. या पदाचा माणूस जाहिरात वाचून येत नाही, त्याच्याकडं आपण जावं लागतं. आणि गेल्यावर तो जे विचारेल, त्याची उत्तरं खिशात हवीत.

पहिलं विचारेल ते पैशाचं, पण पगाराचं नव्हे. आपल्या भागात साखर कारखाना, त्याची डिस्टिलरी आणि शिक्षणसंस्था पुष्कळदा एकाच घरात नांदतात. देशी दारू मुख्यतः मळीच्याच अल्कोहोलपासून बनते. उद्या दारूबद्दल अडचणीचा निष्कर्ष निघाला तर तो छापायला कुणाची परवानगी लागणार? 'कुणाचीही नाही' असा ठराव व्यवस्थापनाकडून आधी करून घ्या, दारू-तंबाखूवाल्यांचा निधी घेणार नाही हेही त्यातच लिहा. एवढ्यावरून खरा संशोधक तुम्हाला ओळखतो. हा ठराव होत नसेल तर केंद्राची पाटी लावू नका, असं माझं मत.

जाहिरातीतली पात्रताही बघा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांच्या चौकटीत प्राध्यापकाला पीएच.डी. लागते. एमडी केलेले मनोविकारतज्ज्ञ बहुधा त्या वाटेला जात नाहीत, म्हणजे चांगले लोक छाननीतच गळतात. मेडिकल कॉलेजशी जोडून पद काढता येतं का, ते कुलसचिवांना विचारा.

शोधायचं कुठं? बंगळूरची मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था निमहान्स, एम्सचं गाझियाबादचं व्यसनोपचार केंद्र. तिथले विभागप्रमुख सहसा हलत नाहीत. त्यांच्या हाताखालचे, पन्नाशीच्या आतले, स्वतःचं काही उभं करायला उतावीळ असलेले बघा. त्यातला कुणी कराड-वाळव्याकडचा निघाला तर उत्तमच, गावाकडं म्हातारे आईवडील असतात, हे कारण काही कमी नाही! निवृत्त मोठं नाव मात्र शोभेला आणू नका.

त्याला दाखवायला विषय तुमच्याकडं ढीगभर आहेत. उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानात बायकांनी दुकान बंद पाडलेली गावं आणि शेजारची न पाडलेली, यांची तुलना कुणीही करावी अशी आहे. बायकांची मिश्री आहे, ऊसतोडीच्या टोळ्यांमधली दारू आहे. साताऱ्यातच 'परिवर्तन' व्यसनमुक्तीचं काम करतंय, त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. गोव्यात तर डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत जास्त पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठकांत बोलून फरक पाडला, तो अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. तसं काम इथं होऊ शकतं.

मुलाखतीत मी एकच प्रश्न लांबवतो: उपचार घेऊन घरी गेलेला माणूस वर्षानं कसा आहे, हे तुम्ही कसं शोधलंत? नंबर बदललेला, फड बदललेला, घरचे सांगायला तयार नाहीत. ज्यानं हे केलंय तो रुग्णांची गुपितं जपतो, गावांची, माणसांची नावानिशी गोष्ट सांगत नाही, पण गावातल्या आशा सेविकांना कसं सोबत घेतलं ते तासभर सांगतो. पेपरांची यादी नंतर बघा.

नेमणूक किमान पाच वर्षांची द्या, आणि दोन सहायक, एक संख्याशास्त्रज्ञ त्याच आदेशात मंजूर करून घ्या. 'रुजू झाल्यावर बघू' म्हटलेली पदं पुढं भरली जात नाहीत.