कानाच्या गादीकडे आधी बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

वैमानिकाच्या प्रशिक्षणातलं ग्राउंड स्कूल संपलं आणि आता फ्लाइंग सुरू होणार, हे वाचून फार बरं वाटलं. हेडसेट कोणता घेऊ, नॉइज कॅन्सलिंगसाठी एवढे पैसे घालावेत का, असं विचारलं आहेस. त्याचं उत्तर देतो, पण शेवटी. आधी तो वापरायचा आणि सांभाळायचा कसा, हे लिहितो. लाखाच्या घरातला हेडसेट घेणारी मुलं मी वर्षानुवर्षं बघतोय. काही काळाने त्याच हेडसेटची कानाची गादी कडक होऊन भेगाळलेली असते. आतलं इलेक्ट्रॉनिक्स ठणठणीत असतं आणि तरीही तो हेडसेट निम्मा वाया गेलेला असतो. पोरांना याचा पत्ताही नसतो. मला याची काळजी वाटते, कारण यात नुकसान कानांचं होतं.

तो हेडसेट नेमकं करतो काय, ते समजून घे. तू सेस्ना 172 या छोट्या विमानावर शिकणार आहेस. क्रूझमध्ये, म्हणजे सरळ एका उंचीवर उडताना, इंजिन मिनिटाला 2400 फेऱ्यांवर (आरपीएम) धर, म्हणजे सेकंदाला 40 फेरे झाले. प्रॉपेलरला दोन पाती, म्हणून सेकंदाला 80 वेळा पातं समोरून जातं. चार सिलिंडरच्या त्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे तिथेही 80. कॉकपिटमध्ये छातीत घुमणारी जी घरघर जाणवते ती मुख्यतः या 80 हर्ट्झची आणि तिच्या पटींची. या ध्वनिलहरीची लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास भरते, केबिनच्या रुंदीच्या जवळजवळ चौपट. एवढी लांब लहर फोमला आणि प्लॅस्टिकच्या कपाला फारशी जुमानत नाही. म्हणून तिच्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स लागतं. कपाच्या आत, कानाजवळ एक बारीक माइक असतो. आत शिरलेला आवाज तो टिपतो आणि सर्किट त्याची उलटी लहर स्पीकरमधून सोडतं. एका लहरीचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकत्र आले की दोन्ही विरतात.

ही युक्ती खालच्या सुरांतच का चालते? 80 हर्ट्झची एक लहर पुरी व्हायला साडेबारा मिलिसेकंद लागतात. सर्किटच्या दृष्टीने हा ऐसपैस वेळ आहे. 4000 हर्ट्झची लहर पाव मिलिसेकंदात संपते. तिथे उलटी लहर जरा जरी उशिरा पोचली तरी आवाज घटण्याऐवजी वाढेल. त्यामुळे वरच्या सुरांच्या वाटेला सर्किट जातच नाही. वाऱ्याचा सूं सूं आवाज, एक्झॉस्टची फडफड, दाराच्या फटीतून येणारी शिट्टी, हे सगळं अडवायचं काम कप आणि गादी यांचंच. गादीतून हवा गळायला लागली तर वरचे आवाज आत येतातच, शिवाय खालच्या घरघरीशी सर्किटला झुंजावं लागतं आणि तेही हरतं. म्हणून म्हणतो, हेडसेटचा सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे ती गादी.

उलट्या लहरीची कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकाला 1936 मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं होतं. वैमानिकांच्या कानापर्यंत ती पोचायला मात्र पन्नासेक वर्षं गेली. बोस ही ऑडिओ कंपनी काढणारे अमर बोस 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला विमानाने जात होते. विमान कंपनीने दिलेल्या हेडफोनमध्ये घरघरीमुळे काही धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी त्याच प्रवासात यामागचं गणित मांडायला घेतलं. 1986 मध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी ‘व्हॉयेजर’ विमान न थांबता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीभोवती फिरवलं. नऊ दिवसांच्या त्या उड्डाणात त्यांच्या कानांवर याच तंत्राचे प्रायोगिक हेडसेट होते. 1989 मध्ये असा हेडसेट बाजारात आला.

आता तुझा चष्मा. त्याची जाड काडी गादी आणि डोकं यांच्यामध्ये येते आणि तिच्या वरखाली फट राहते. पहिल्या-दुसऱ्या सॉर्टीत (प्रशिक्षणाच्या उड्डाणात), तुझे इन्स्ट्रक्टर सोबत असताना, क्रूझमध्ये स्थिर झालीस की हे स्वतः करून बघ. कानामागची काडी बोटाने किंचित वर उचल. घरघर एकदम आत शिरेल. काडी खाली सोड आणि गादी हलकेच दाब, ती विरेल. हा फरक एकदा कानाने ऐकलास की पुढचं काही मला समजावून सांगावं लागणार नाही. फ्लाइंगसाठी चपट्या, पातळ काड्यांचा चष्मा वेगळा करून घे, हेडसेटच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे. केस गादीखाली अडकू देऊ नकोस. वेणी खाली मानेवर घाल, वर अंबाडा किंवा क्लिप असली की हेडबँड तिरका बसतो. मोठी कानातली उतरवून ठेव. आणि टर्ब्युलन्समध्ये किंवा मान हलवताना कानात ‘धप्प’ असा दाब जाणवला तर बहुतेक वेळा गादी नीट बसलेली नसते. बिघाड समजून घाबरू नकोस, आधी बसवून बघ.

कानांची एवढी चिंता का करतो? अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने आवाजाची मर्यादा घालून दिली आहे, 85 डेसिबलमध्ये आठ तास. दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो, म्हणजे 94 डेसिबलला एकच तास. छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये आवाज 90 च्या आसपास किंवा त्याच्याही वर असतो, आणि सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, तुला 200 तास उडायचं आहे. पुढची तीस-पस्तीस वर्षं तर वेगळीच. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. ती सहसा 4000 हर्ट्झच्या आसपास आधी खचते, ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, तिथे खड्डा दिसतो. घरच्यांशी बोलताना काहीच जाणवत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. व्यावसायिक वैमानिकांच्या क्लास वन मेडिकलला 500, 1000 आणि 2000 हर्ट्झला 35 डेसिबल आणि 3000 ला 50 डेसिबलपर्यंतचीच घट चालते, हा इकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचा निकष आहे. पहिल्या मेडिकलचा ऑडिओग्राम जपून ठेव आणि दर वेळचा नवा कागद त्याच्या शेजारी ठेवून बघ.

एएनआर, म्हणजे हेच नॉइज कॅन्सलिंग, चालू केलं की रेडिओचा आवाज कमी कर. घरघर गेल्यावर एटीसीचं (हवाई वाहतूक नियंत्रकाचं) बोलणं कमी आवाजातही स्वच्छ ऐकू येतं. व्हॉल्यूम आधीसारखाच चढा ठेवला तर जे वाचवलं ते दुसऱ्या वाटेने घालवलं.

माइकबद्दल मी जरा हट्टी आहे. हेडसेटचा माइक दोन्ही बाजूंनी उघडा असतो. इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच पोचतो आणि आपसांत कटतो. तुझा आवाज मात्र एकाच बाजूने, अगदी जवळून येतो, म्हणून तो उरतो. यावरून दोन गोष्टी ठरतात. माइक ओठाच्या कोपऱ्यापाशी हवा, मधोमध श्वासासमोर नको, आणि ओठांपासून फार तर बोटाच्या जाडीएवढ्या अंतरावर. बोलायची बाजू ओठांकडे हवी. तिच्यावर खूण असते, मफ (माइकवरची फोमची टोपी) काढून एकदा बघून घे, मफ चढवल्यावर ती दिसत नाही. माइक हनुवटीखाली सरकवून आवाज पोचत नाही म्हणून ओरडणारे विद्यार्थी मी रोज ऐकतो. ओरडून स्पष्टता वाढत नाही, माइक दोन सेंटिमीटर जवळ आणला की वाढते. इंटरकॉमचा स्क्वेल्च, म्हणजे कुणी बोलत नसताना माइक बंद ठेवणारा नॉब, इंजिन चालू झाल्यावर लाव, आवाज जेमतेम बंद होईल इतकाच. जास्त फिरवलास तर तुझ्या वाक्याचे पहिले शब्द कापले जातील, आणि रीडबॅकमध्ये, म्हणजे एटीसीची सूचना परत म्हणून दाखवताना, एकही शब्द गळून चालत नाही.

आपल्याकडच्या ट्रेनर विमानात दोन प्लग लागतात, जाड तो कानाचा, बारीक तो माइकचा. दोन्ही शेवटपर्यंत दाबून बसव. पीटीटी (रेडिओवर बोलायचं बटण) दाबून बोलताना स्वतःचा आवाज कानात आला नाही तर माइकचा प्लग आधी बघ. एकाच कानात आवाज येत असेल तर हेडसेटच्या वायरवरच्या कंट्रोलवरचा मोनो-स्टीरिओ स्विच बघ. जुनी विमानं मोनो असतात आणि हेडसेट स्टीरिओवर राहिलेला असतो. एवढ्यासाठी सॉर्टी रद्द करून मेंटेनन्सकडे धावलेली मुलं आहेत. प्लग काढताना प्लगच धर, वायर ओढू नकोस. वायर तुटते ती प्लगच्या आणि कपाच्या तोंडाशीच. कपांभोवती घट्ट गुंडाळून ठेवायची सवय तर लावूच नकोस.

हेडसेट समोर काचेखाली ठेवू नकोस. उन्हाने गादी आणि फोम खराब होतात हे झालंच. पण त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो आणि कंपास तिथून हाताच्या अंतरावर असतो. हँगरमध्ये एकदा हेडसेट हळूहळू कंपासजवळ नेऊन बघ, आकडे सरकताना दिसतील. त्या चुकीच्या कंपासवरून हेडिंग इंडिकेटर (विमानाची दिशा दाखवणारं उपकरण) जुळवलास तर क्रॉसकंट्रीत, म्हणजे लांबच्या उड्डाणात, पुढची 15 मिनिटं चुकीच्या हेडिंगवर काढशील. योकवरही, म्हणजे विमान वळवायच्या स्टिअरिंगवरही, टांगू नकोस.

शांत कॉकपिटला एक धोकाही आहे आणि तो माहीत असलेला बरा. 2007 मध्ये एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने याबद्दल सूचना काढली होती, नॉइज कॅन्सलिंग हेडसेटमुळे बाहेरचे आवाज आणि इशाऱ्याचे भोंगे ऐकू न येण्याची शक्यता तपासा म्हणून. तुझ्या 172 चा स्टॉलचा (वेग घटून पंखाची उचल कोसळण्याचा) भोंगा हेडसेटमधून येत नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवरच्या छिद्रातून हवेच्या ओढीवर वाजणारी ती पिपाणी आहे आणि स्टॉलच्या 5 ते 10 नॉट आधी वाजू लागते. तुझ्या हेडसेटमधून ती कशी ऐकू येते, हे उंचीवर, इन्स्ट्रक्टरसोबत स्टॉल करताना मुद्दाम लक्ष देऊन ऐक. धावपट्टीभोवती कमी उंचीवर फेरी मारताना ती पहिल्यांदा ऐकायची वेळ येऊ नये. इंजिनाच्या सुरातला बदलही कानाला उशिरा कळतो, तेव्हा आरपीएम आणि ऑइल प्रेशरवर नजर फिरती ठेव, सीटमधून येणारी थरथर ओळखायला शीक. ब्लूटूथ कशासाठी दिलंय हे मला माहीत आहे, ट्रेनिंगमध्ये ते बंद ठेव.

बॅटरी हवेत संपली तर एएनआर बंद पडतं, एकदम गलका वाढतो आणि नवखा माणूस दचकतो. रेडिओ मात्र चालूच राहतो, हेडसेट साध्या हेडसेटसारखा काम करतो. फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे शेवटच्या सरळ टप्प्यात, असशील तर काहीही करू नकोस, विमान उतरव. पूर्ण हेडसेटच गेला तर छताचा स्पीकर आणि हातातला माइक आहे. तो कुठे अडकवलेला असतो आणि ऑडिओ पॅनलवर स्पीकरचं बटण कुठलं, हे जमिनीवर बसून हाताने शोधून ठेव. सुटीवर घरी जाताना बॅटऱ्या काढून ठेव. अल्कलाइन सेल गळले की आतल्या पट्ट्या खातात.

सफाई सोपी आहे. सॉर्टी झाली की गादीवरचा घाम सुक्या मऊ कापडाने टिपून घे. आठवड्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्यात कापड बुडवून, घट्ट पिळून पूस. कपाच्या आत पाणी जाता कामा नये. सॅनिटायझर, स्पिरिट, पेट्रोल यातलं काहीही गादीला लावू नकोस. कोविडपासून सगळ्यांना फवारायची सवय लागली आहे आणि त्या अल्कोहोलनेच रेक्झिन सुकून तडकतं. गोंदियाला किंवा बारामतीला मे महिन्यात बंद विमानात हेडसेट सोडून जाऊ नकोस. पावसाळ्यात उलटा त्रास, विशेषतः मुंबई-कोकणाकडे. ओली गादी पिशवीत कोंबली की दोन-तीन दिवसांत फोमला बुरशी येते. आधी पंख्याखाली वाळव, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाक. प्लगचं पितळ काळवंडलं की कानात खरखर सुरू होते, कोरड्या कापडाने चोळून काढ. गादी दर सहा ते बारा महिन्यांनी बदल, कडक झाली, चपटी झाली किंवा तडकली तर त्याआधीच. माइकचा मफही बदल आणि तो कुणालाही वापरायला देऊ नकोस, कितीही जवळची मैत्रीण असली तरी. क्लबचा हेडसेट घालायची वेळ आली तर स्वतःचा मफ आणि कानावर चढवायची कापडी कव्हरं जवळ ठेव. कापडाने सील थोडं ढिलं होतं, पण कानाच्या संसर्गापेक्षा ते परवडलं.

आता खरेदी. घरून सहज पैसे निघत असतील तर एएनआर घे, दिवसाला दोन सॉर्टी झाल्या की थकव्यातला फरक जाणवतो. त्यासाठी कर्ज मात्र काढू नकोस. चांगला साधा हेडसेट, घट्ट बसणारा, डेव्हिड क्लार्कच्या त्या हिरव्या कपांसारखा, शिकायला पुरेसा आहे. पिढ्यान् पिढ्या वैमानिक त्यावरच शिकले. हवं तर आत फोमचे इअरप्लग घाल आणि रेडिओ थोडा वाढव. टीएसओ सी139, म्हणजे विमानातल्या ऑडिओ उपकरणांच्या अमेरिकी मानकाचा, शिक्का असलेला बघ. एअरलाइनमध्ये गेल्यावरही हाच वापरेन असा हिशेब करत असशील तर एअरबस 320 ला पाच पिनांचा वेगळा प्लग लागतो, हेलिकॉप्टरला आणखी तिसराच, हे लक्षात ठेव. वापरलेला घेणार असलीस तर डोक्यावर चढवून, चष्म्यासकट, इंजिन चालू असलेल्या विमानात बसूनच घे. आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचार, या मॉडेलच्या गाद्या आणि मफ भारतात मिळतात का, आणि मागवल्यावर किती दिवसांत येतात. नीट उत्तर आलं नाही तर दुसरं मॉडेल बघ. मिळत असतील तर गाद्यांची एक जादा जोडी त्याच दिवशी घेऊन ठेव.

तुझे,
सर