वाचकांचे प्रश्न : शोक, निसर्ग आणि संथ चित्रपट

प्रश्न : माझे वडील गेल्या पावसाळ्यात गेले. आई कोथरूडच्या घरात एकटी असते, सकाळी टेकडीवर फिरून येते आणि दिवसभर फारशी बोलत नाही. मालिकांचा गोंगाट तिला सोसत नाही. निसर्गाच्या सान्निध्यात दुःख हलके होण्याविषयीचे संथ चित्रपट तिला दाखवावेत, असे एका मैत्रिणीने सुचवले. त्यानुसार आम्ही ‘नोमॅडलँड’ लावला. परंतु ‘यात काही घडतच नाही’ असे म्हणून आई मध्येच उठून गेली. अशा चित्रपटांचा शोकात असलेल्या माणसाला खरोखर उपयोग होतो का? होत असल्यास सुरुवात कुठून करावी? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या आईंची तक्रार रास्त आहे. क्लोई झाओ यांच्या २०२० मधील या चित्रपटाला ऑस्कर मिळाले असले, तरी पती आणि कारखाना बंद पडल्यामुळे ओस झालेले गाव अशा दोन्ही गोष्टी गमावून, गाडीतच संसार थाटून हंगामी कामे करत फिरणाऱ्या अमेरिकन बाईचे एकटेपण आपल्याकडच्या विधवेच्या एकटेपणाहून फार निराळे आहे. शिवाय त्यातली संध्याकाळ मला दर वेळी जरा जास्तच देखणी वाटते. सुरुवात दुसरीकडून करावी.

आधी आपल्या मूळ शंकेविषयी. घरात कोणी गेले की तेराव्यानंतर नातेवाईक हमखास म्हणतात, ‘चार दिवस कोकणात जाऊन या, हवापालट होईल.’ समुद्र, डोंगर किंवा जंगल दुःखावर इलाज करते, हा समज त्यामागे असतो आणि बरेच सुमार चित्रपट त्याच समजावर उभे असतात. चांगले चित्रपट मात्र तसे काही आश्वासन देत नाहीत. सत्यजित राय यांच्या ‘अपूर संसार’मध्ये (१९५९) बाळंतपणात पत्नी अपर्णा जाते आणि अपू समुद्रकिनारी, रानात, डोंगरावर भटकत राहतो, एके ठिकाणी तो स्वतःच्या कादंबरीचे हस्तलिखित दरीत सोडून देतो. ते दृश्य सुंदर आहे, पण त्याने अपू बरा होत नाही. तो परततो तो मित्र त्याला शोधत येतो म्हणून, आणि सावरतो तो मुलामुळे, ज्याचे तोंडही त्याने तोवर पाहिलेले नसते. मुलगा त्याला बाप म्हणून स्वीकारत नाही, तरी सोबती म्हणून त्याच्याबरोबर निघतो. निसर्गाने अपूला इतकेच दिले की त्याच्याकडून कशाचीही अपेक्षा केली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकापुढे तीच हकिगत पुन्हा सांगावी लागलेल्या माणसाला ही सवलत किती मोठी असते, हे आपल्या आईंना सांगावे लागणार नाही. बहुधा त्या टेकडीवर जातात त्याही त्याचसाठी.

म्हणून माझी पहिली शिफारस अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ची आहे. वडील वारल्यानंतर अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे पुणे सोडून कोकणातल्या एका लहान गावी येतो. चित्रीकरण गुहागरच्या परिसरात झाले आहे आणि दिग्दर्शक स्वतः छायाचित्रकार असल्याने पाऊस, शेवाळलेले दगड आणि खाडीचे पाणी यांना जितका वेळ हवा तितका मिळाला आहे. किल्ल्यावर पाऊस कोसळू लागतो आणि नव्याने जोडलेले मित्र चिन्मयला मागे ठेवून निघून जातात, हा त्यातला सर्वांत बोलका प्रसंग म्हणावा लागेल, कारण एकदा कोणी तरी न सांगता निघून गेल्याचा अनुभव या मुलाच्या गाठीशी आधीच आहे आणि चित्रपट ती जोडणी एका शब्दानेही उच्चारत नाही. आपल्या आईंचे लक्ष मात्र कदाचित मुलापेक्षा अमृता सुभाष यांनी उभ्या केलेल्या आईकडे अधिक जाईल. कचेरीतली कटकट, नवे घर आणि रुसलेला मुलगा यांच्यामध्ये तिला स्वतःच्या शोकासाठी वेळच उरत नाही. २०१४ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या बालचित्रपट विभागात ‘किल्ला’ला ‘क्रिस्टल बेअर’ मिळाले; तरीही तो मोठ्यांनीच पाहण्याजोगा आहे, असे मला वाटते.

त्यानंतर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या पुण्याच्या जोडीचा ‘कासव’ पाहता येईल, ज्याला २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्यात समुद्रकिनारी कासवांच्या संवर्धनाचे काम चालते आणि नैराश्याने खचलेल्या एका तरुणाला, स्वतः त्या वाटेवरून गेलेली एक बाई आसरा देते. तिथेही त्याला उभे करतात ती माणसे : फार चौकशी न करणारी बाई, ड्रायव्हर यदू, जेवणाचे ताट. मात्र त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचा विषय आहे, हे आपण आधी जाणून असावे.

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा अगदी अलीकडचा चित्रपट २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवून आला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांच्यातील प्रेम हा त्याचा गाभा आहे. सुतकाचे नियम पाळायला लावता लावता ‘लग्नाचे काय?’ असे विचारणारे नातेवाईक त्यात जसे दिसतात, तसे मराठी पडद्यावर क्वचितच दिसले असतील.

परदेशी चित्रपटांपैकी दोन जपानी चित्रपट मुद्दाम सांगतो. नाओमी कावासे यांच्या ‘द मोर्निंग फॉरेस्ट’ला २००७ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाले. वृद्धाश्रमात काम करणारी, स्वतःचे मूल गमावलेली माचिको आणि तेहतीस वर्षांपूर्वी वारलेल्या पत्नीला अजूनही शोधणारा, स्मृतिभ्रंश झालेला शिगेकी हे दोघे जंगलात वाट चुकतात. ते जंगल ओले, थंड आणि धोक्याचे आहे. पाण्याच्या लोंढ्यापुढे माचिको ज्या तऱ्हेने ओरडते, त्यातून तिच्या मुलाचे काय झाले असेल ते आपल्याला कळते. हिरोकाझू कोरे-एदा यांचा ‘माबोरोशी’ (१९९५) मला याहूनही श्रेष्ठ वाटतो, पण तो आपल्या आईंना इतक्यात दाखवू नये. त्यातल्या युमिकोचा पती रेल्वेच्या रुळांवरून चालत जाऊन मरतो. ती दुसरे लग्न करून नोतो द्वीपकल्पावरच्या मच्छीमारांच्या गावी राहायला जाते, तिथे सुखीही होते आणि तरीही ‘त्याने असे का केले’ हा प्रश्न तिला सोडत नाही. त्याला उत्तर मिळत नाही. ज्यांचा शोक ताजा आहे, त्यांना हे अनुत्तरित राहणे असह्य होऊ शकते.

पाहताना एवढे करावे : रात्रीच्या जेवणानंतर थकलेल्या वेळी लावण्याऐवजी दुपारी लावावा, भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि संपल्यावर ‘कसा वाटला?’ असे लगेच विचारू नये. आई पुन्हा मध्येच उठल्या तर उठू द्यावे. इंग्रजी उपशीर्षकांची भीती बाळगण्याचे मात्र कारण नाही, कारण या चित्रपटांत संवाद थोडे असतात आणि ते वाचायला पुरेसा अवधी मिळतो. आणि आईंची चुप्पी, जेवण किंवा झोप यांत फार बिघाड दिसत असेल, तर चित्रपटांवर विसंबून न राहता डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : संथ चित्रपट आणि केवळ कंटाळवाणा चित्रपट यांतला फरक कसा ओळखावा? — एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : पात्र चौकटीतून निघून गेल्यावरही कॅमेरा तिथेच थांबतो, तेव्हा त्या थांबण्यात पाहण्या-ऐकण्यासारखे काही उरले आहे का, हे पाहावे. ‘माबोरोशी’मध्ये समुद्राच्या कडेने जाणारी अंत्ययात्रा फार दुरून आणि फार वेळ दिसते, चेहरे ओळखू येत नाहीत, प्रकाश नैसर्गिक आहे आणि युमिकोच्या मनात काय चालले आहे, ते आपल्यालाच ताडावे लागते. त्या दृश्यातला काही भाग कापला, तर हे ताडणेच कापले जाईल. ज्या चित्रपटात तेवढाच भाग कापून काहीही बिघडत नाही, तो कंटाळवाणा समजायला हरकत नाही.

पार्श्वसंगीत हीदेखील चांगली कसोटी आहे. ‘साबर बोंडं’मध्ये ते नाही, त्यामुळे रडण्याची सूचना प्रेक्षकाला कुठूनच मिळत नाही. याचा अर्थ संगीत वर्ज्य आहे, असा घेऊ नये. ‘पथेर पांचाली’त (१९५५) हरिहर परततो, त्याच्या गैरहजेरीत वारलेल्या मुलीसाठी, दुर्गेसाठी आणलेली साडी दाखवतो आणि त्याची पत्नी सर्वजया हिचा बांध फुटतो, त्या क्षणी तिचा आवाज काढून टाकून राय यांनी तारशहनाई या गजाने वाजवायच्या तंतुवाद्याचा सूर वापरला. तिथे संगीत दुःखाला सजवत नाही, आक्रोशाची जागाच घेते.

प्रश्न : असे चित्रपट पुण्यात मोठ्या पडद्यावर कुठे पाहता येतील? — एक वाचक, एरंडवणे

उत्तर : आपण तर अगदी जवळच राहता. विधी महाविद्यालय रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत वेळोवेळी खेळ होतात, तेव्हा त्यांच्या सूचनांवर लक्ष ठेवावे. आशयसारख्या फिल्म क्लबांनी या शहराला जगभरचे चित्रपट पाहण्याची सवय लावली आहे. याशिवाय हिवाळ्यात भरणाऱ्या पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची नोंदणी वेळेवर करावी आणि गाजलेल्या नावांच्या रांगेत ताटकळण्यापेक्षा सकाळचे, अर्धे रिकामे खेळ निवडावेत.