पोलिसांविरुद्धचा अर्ज पुन्हा त्याच ठाण्यात का येतो?

प्रश्न : आमच्या शेजारच्या 21 वर्षांच्या मुलाला पोलीस ठाण्यात रात्रभर बसवून ठेवले. अटकेची नोंद कोठेही झाली नाही. सकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या पाठीवर वळ उठलेले होते. वडिलांनी वरिष्ठांकडे अर्ज केला, तर तो अर्ज चौकशीसाठी त्याच ठाण्यात परत आला. पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे चौकशीसाठी स्वतःची माणसे असतात का? तिथे जाऊन काही साध्य होईल का?
– एक वाचक

उत्तर : तुम्ही माणसांविषयी विचारलेत, हे फार महत्त्वाचे आहे, कारण या यंत्रणेचे यश आणि अपयश दोन्ही त्यावरच ठरते. पोलीस सुधारणांसंबंधीच्या प्रकाश सिंह खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारी तक्रार प्राधिकरणे स्थापन करण्याचा आदेश दिला. अध्यक्ष आणि सदस्य पूर्णवेळ काम करणारे असावेत, त्यांना योग्य मानधन मिळावे, आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन चौकशी करण्यासाठी गुन्हे अन्वेषण, गुप्तवार्ता, दक्षता अशा विभागांतील निवृत्त तपास अधिकाऱ्यांची मदत घेता यावी, हे न्यायालयाने त्याच आदेशात सांगून ठेवले होते. तपासासाठी स्वतःचे मनुष्यबळ नसलेले प्राधिकरण अखेर पोलिसांच्याच अहवालावर विसंबून राहील, ही अडचण त्यामुळे आधीच ओळखली गेली होती, असे मी मानतो.

महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य प्राधिकरणाची तरतूद केली. मात्र जिल्ह्याऐवजी महसुली विभाग हा घटक धरला. राज्यात 36 जिल्हे आणि 6 विभाग आहेत. त्यामुळे गडचिरोलीच्या माणसाला नागपूर गाठावे लागते, आणि ज्याची मजुरी बुडते तो दुसऱ्या तारखेला येईलच असे नाही. त्याहून गंभीर बाब प्राधिकरणाच्या शिफारशींची आहे. त्या संबंधित अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतील, असे न्यायालयाने म्हटले होते. आपल्या कायद्याने मात्र अपवादात्मक परिस्थितीत लेखी कारणे नोंदवून अहवाल नाकारण्याची मुभा शासनाला दिली आहे. ही पळवाट बुजवली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये 2000 साली सुरू झालेल्या पोलीस लोकपाल कार्यालयाला स्वतःचे अन्वेषक आहेत आणि गुन्ह्याच्या तपासात त्यांना पोलिसांसारखे अधिकार आहेत. तक्रार त्याच ठाण्यात परत येण्याची गरज तिथे उरत नाही.

तरीही तुम्ही प्राधिकरणाकडे जावे, असेच मी सांगेन. विहित कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा डांबून ठेवणे हा आपल्या कायद्यात तक्रारीचा स्वतंत्र विषय आहे, आणि प्राधिकरणाला दिवाणी न्यायालयाप्रमाणे साक्षीदार व कागदपत्रे मागवण्याचे अधिकार आहेत. पण पुरावा तुम्हालाच आधी जपावा लागेल. वळ मावळण्यापूर्वी सरकारी रुग्णालयात तपासणी झाली असेल, तर तो कागद सर्वांत मोलाचा. ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण शक्यतो 18 महिने, आणि तशी सोय नसेल तर किमान एक वर्ष जपावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2020 चा आदेश आहे. म्हणून त्या रात्रीची तारीख आणि वेळ लिहून चित्रण राखून ठेवण्याची लेखी मागणी आजच करा आणि पोच घ्या. त्या रात्रीच्या स्टेशन डायरीतील, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतील, नोंदीही मागवण्याची विनंती प्राधिकरणाला करा. तक्रारीसोबत मुलाचे शपथपत्र जोडा.

त्याच वेळी माहितीच्या अधिकाराखाली दुसरा अर्ज गृह विभागाकडे द्या : तुमच्या विभागीय प्राधिकरणात मंजूर पदे किती, रिक्त किती, निवृत्त तपास अधिकारी किती नेमले, आणि आजवर पाठवलेल्या शिफारशींपैकी किती शासनाने स्वीकारल्या. मिळालेले उत्तर आमच्याकडे पाठवलेत, तर ते आम्ही याच सदरात छापू.