वाचकांचे प्रश्न : शाश्वततेचा अभ्यास आणि विद्याशाखांच्या सीमा

विद्यापीठांमधील शाश्वतताविषयक अध्यापन आणि संशोधन यांसंबंधी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही पत्रांतील मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी रसायनशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली असून पाण्याच्या प्रदूषणावर आंतरविद्याशाखीय स्वरूपाची पीएच.डी. करू इच्छितो. माझ्या प्राध्यापकांच्या मते हा प्रकार म्हणजे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ठरेल. त्यांचे म्हणणे मी कितपत गांभीर्याने घ्यावे?

गांभीर्याने घ्यावे, पण अखेरचा शब्द मानू नये. चार विषयांची तोंडओळख करून घेऊन लिहिलेला प्रबंध चारही विषयांच्या परीक्षकांना उथळ वाटतो आणि बहुतेक वेळा तो उथळच असतो. म्हणून रसायनशास्त्रावरील पकड सैल होऊ देऊ नये, हा त्यांच्या सल्ल्यातील घेण्यासारखा भाग आहे. मात्र पाण्याचे काही प्रश्न असे असतात की एकाच शास्त्राने दिलेले उत्तर बरोबर असूनही अपुरे पडते.

बांगलादेशातील आर्सेनिकचे उदाहरण पाहा. तळ्यांच्या आणि ओढ्यांच्या दूषित पाण्यामुळे होणारे अतिसारासारखे आजार टाळावेत, या हेतूने तेथे 1970च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर कूपनलिका खोदल्या गेल्या. रोगजंतूंच्या दृष्टीने ते पाणी खरोखरच अधिक सुरक्षित होते. परंतु 1993मध्ये त्या देशातील भूजलात आर्सेनिक असल्याचे निष्पन्न झाले. गाळातील सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जिवाणू प्राणवायूच्या अभावी लोहाच्या ऑक्साइडांचे क्षपण करतात, म्हणजे त्यांचे रासायनिक रूप बदलून ती विरघळवतात, आणि त्या ऑक्साइडांना चिकटलेले आर्सेनिक पाण्यात मोकळे होते, ही त्यामागची मुख्य प्रक्रिया आहे. ती समजून घेणे हे भू-रसायनशास्त्राचे काम होय आणि तुमच्यासारख्या अभ्यासकाला तेथे भरपूर वाव आहे.

पुढचा टप्पा मात्र रसायनशास्त्राच्या कक्षेबाहेर जातो. लाखो कूपनलिकांची तपासणी करून त्यांना लाल किंवा हिरवा रंग देण्यात आला. त्यासाठी धरलेली मर्यादा होती लिटरमागे 50 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य मात्र 10 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे ‘हिरवी’ कोणाला म्हणायचे, हा निर्णय केवळ मोजमापाचा नव्हता. किती धोका पत्करायचा आणि दुसरा कोणता स्रोत हाताशी आहे, याचाही तो निर्णय होता. शिवाय काही दशक मीटरांच्या अंतरात एक कूपनलिका विषारी आणि दुसरी सुरक्षित असू शकते, हे भूशास्त्र सांगते. पण ती दुसरी शेजाऱ्याच्या खासगी मालकीची असेल, तर घरातील पाणी भरणारी स्त्री तेथे रोज जाऊ शकेल काय, हे भूशास्त्र सांगू शकत नाही. म्हणूनच कोलंबिया विद्यापीठाच्या तेथील दीर्घकालीन संशोधनात भू-रसायनतज्ज्ञ, सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक आणि समाजशास्त्रांतील अभ्यासक एकत्र काम करताना दिसतात. त्यांच्यापैकी कोणीही आपले मूळ शास्त्र सोडलेले नाही, हे तुमच्या प्राध्यापकांना अवश्य सांगावे.

तेव्हा प्रबंधाचा कणा रसायनशास्त्राचा ठेवावा, दुसऱ्या एकाच शास्त्राची संशोधनपद्धती नीट शिकून घ्यावी आणि त्या शास्त्रातील सहमार्गदर्शक नोंदणीच्या वेळीच निश्चित करावा. विषय ठरल्यानंतर शोभेसाठी जोडलेला सहमार्गदर्शक प्रबंध वाचतो, घडवत नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात तीन विभागांनी मिळून शाश्वत विकासावर चार श्रेयांकांचा अभ्यासक्रम सुरू केला. पर्यावरणशास्त्र, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांचे घटक वेगवेगळे शिक्षक आळीपाळीने शिकवतात. विद्यार्थी म्हणतात की हे तीन सुटे विषय वाटतात. कोठे चुकते आहे?

विद्यार्थ्यांचे निरीक्षण अचूक आहे. वेळापत्रकात तीन विषय एकापुढे एक ठेवले आणि त्यांना जोडण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवले, असे येथे झालेले दिसते. जे काम तीन अनुभवी प्राध्यापकांनी आपसांत केले नाही, ते पदवीच्या विद्यार्थ्याने परीक्षेच्या आदल्या रात्री करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

अभ्यासक्रमाची मांडणी विषयांच्या घटकांवरून न करता एखाद्या प्रश्नावरून करून पाहावी. उदाहरणार्थ, समाईक भूजल कोणी, किती आणि कोणत्या नियमाने उपसावे, हा एकच प्रश्न सत्रभर पुरू शकतो. पुनर्भरणाचा हिशेब, उपशाचा खर्च आणि नियम मोडणाऱ्याला कोणी अडवायचे, हे तिन्ही मुद्दे त्यात आपोआप येतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे काम येथे उपयोगी पडेल. त्या मूळच्या राज्यशास्त्रज्ञ. त्यांचा प्रबंध दक्षिण कॅलिफोर्नियातील भूजलाच्या व्यवस्थापनावर होता आणि 2009मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. समाईक साधनसंपत्ती एकतर सरकारच्या ताब्यात तरी हवी किंवा खासगी मालकीची तरी हवी, हा समज त्यांनी जलसिंचन, मत्स्यव्यवसाय आणि वने यांच्या प्रत्यक्ष अभ्यासातून खोडून काढला. पण त्यांनीही हे एकट्याने केले नाही. 1973मध्ये इंडियाना विद्यापीठात त्यांनी व्हिन्सेंट ऑस्ट्रॉम यांच्यासह एक कार्यशाळा स्थापन केली आणि अनेक शास्त्रांतील सहकारी व विद्यार्थी तेथे दशकानुदशके एकत्र बसत राहिले.

एकत्र बसणे, हीच तुमच्या अभ्यासक्रमातील उणीव आहे. निदान काही तासिकांना तरी तिन्ही शिक्षक वर्गात एकाच वेळी हजर असावेत आणि त्यांनी विद्यार्थ्यांसमोर एकमेकांशी मतभेद व्यक्त करावेत. भविष्यातील हानीचे आजचे मूल्य काढताना अर्थशास्त्रज्ञ जो वटावदर धरतो, त्यावर पर्यावरणशास्त्रज्ञाने आक्षेप घ्यावा. दर थोडा वाढवला तरी शंभर वर्षांनंतरचे नुकसान आजच्या हिशेबात जवळजवळ नाहीसे होते, हे फळ्यावर मांडून दाखवावे. अशा एका तासाने विद्यार्थी जे शिकतो, ते तीन स्वतंत्र व्याख्यानांतून शिकत नाही. (वर्गात मतभेद दिसल्याने शिक्षकाचा मान कमी होतो, अशी भीती काहींना वाटते. माझा अनुभव उलट आहे.)

मूल्यमापनही बदलावे लागेल. प्रश्नपत्रिकेचे तीन विभाग ठेवले, तर विद्यार्थी तीन विषय स्वतंत्रपणेच पाठ करतील. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातील वीक, विदिकोम आणि रेडमन यांनी 2011मध्ये या क्षेत्रासाठी पाच क्षमतांची मांडणी केली : व्यवस्थांचा समग्र विचार, भविष्याचा अंदाज घेणे, मूल्यांची चिकित्सा, कृतीची आखणी आणि इतरांबरोबर काम करण्याचे कौशल्य. ही यादी वेदवाक्य नाही, पण यांपैकी कोणती क्षमता आपली परीक्षा तपासते, असा प्रश्न तिघांनी मिळून स्वतःला विचारला, तर प्रश्नपत्रिका बदलल्यावाचून राहणार नाही.

प्रश्न : शाश्वतता हे खरोखर शास्त्र आहे, की चांगल्या हेतूने चाललेली चळवळ?

या संकल्पनेचा उगम धोरणाच्या चर्चेतला आहे, हे मान्य केले पाहिजे. नॉर्वेच्या पंतप्रधान राहिलेल्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1987च्या अहवालात, भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाधा न आणता वर्तमान गरजा भागवणारा विकास, अशी तिची व्याख्या केली. संशोधनाचे स्वतंत्र क्षेत्र म्हणून तिची मांडणी 2001मध्ये भूगोलज्ञ रॉबर्ट केट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात केली. निसर्ग आणि समाज यांचे परस्परसंबंध कसे बदलतात आणि त्या बदलांना दिशा कशी देता येईल, हे त्यांचे मुख्य प्रश्न होते.

‘दिशा द्यावी’ म्हणताना मूल्ये येतातच. वैद्यकशास्त्रही आरोग्य चांगले आणि रोग वाईट असे गृहीत धरूनच चालते. त्यामुळे त्याचे शास्त्रपण संपत नाही. पुरावा आणि अग्रक्रम यांतील सीमारेषा मात्र स्पष्ट ठेवावी लागते. योहान रॉकस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी 2009मध्ये पृथ्वीच्या नऊ मर्यादा, म्हणजे हवामान, जैवविविधता अशा बाबतींत मानवाने ओलांडू नयेत अशा रेषा, मांडल्या. त्यांतील मोजमापे तपासता येतात. पण सुरक्षिततेची रेषा धोक्याच्या किती अलीकडे आखावी, यात सावधगिरीचा निर्णय मिसळलेला असतो आणि तो उघडपणे सांगितला जातो. जेथे तो सांगितला जात नाही, तेथे तुमची शंका रास्त आहे.

प्रश्न : मी सहायक प्राध्यापक आहे. दोन विभागांचे संयुक्त संशोधन प्रस्ताव वारंवार नाकारले जातात. हा योगायोग समजावा का?

योगायोग नसावा. ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिलकडे पाच वर्षांत आलेल्या अठरा हजारांहून अधिक प्रस्तावांचे विश्लेषण 2016मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रस्ताव जितका अधिक आंतरविद्याशाखीय, तितकी त्याला निधी मिळण्याची शक्यता कमी, असे त्यात आढळले. प्रत्येक परीक्षक प्रस्तावातील आपल्या शास्त्राचा भाग काटेकोरपणे तपासतो आणि बाकीच्या भागाबद्दल साशंक राहतो, असे मला अनेक अभिप्रायांतून दिसले आहे.

त्यावर एक व्यवहार्य उपाय आहे. पद्धतींचे प्रकरण दोन विभागांनी वेगवेगळे लिहून एकत्र चिकटवू नये. एका शास्त्राचा निष्कर्ष दुसऱ्याच्या नमुना-निवडीवर किंवा गृहीतकावर नेमका कोठे परिणाम करतो, हे एका परिच्छेदात ठळकपणे लिहावे. असा परिच्छेद लिहिता येत नसेल, तर दोन स्वतंत्र प्रस्ताव पाठवणे अधिक प्रामाणिक आणि बहुधा अधिक फलदायी ठरेल.