पाणी जातंय कुठं?

प्रश्न : माझ्याकडं 2004 सालची मारुती 800 आहे. पहिल्यापासून मीच वापरतोय, 88 हजार किलोमीटर झालेत. दोन महिन्यांपासून रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय, आठवड्याला अर्धा लिटर तरी. खाली फरशीवर मात्र थेंब नाही. सकाळी स्टार्ट केली की अर्धा मिनिट मिसिंग करते, सगळी थरथरते, मग नीट चालते. एकानं प्लग बदलले, दुसऱ्यानं इंजेक्टर साफ केले, तिसरा म्हणतो इंजिन बोअर करावं लागेल, म्हणजे सिलिंडर आतून घासावे लागतील. एकदम दोन आजार कसे लागले? बाकी काही त्रास नाही. मे महिन्यात तुळजापूरला जाताना घाटात काटा एकदा लाल पट्ट्यात गेला होता, तेवढंच. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे रेडिएटरला बोअरवेलचंच घालतो.
— एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : गुरुजी, नमस्कार. शेवटी 'तेवढंच' म्हणून जे टाकलंत, मी तिथूनच वाचायला घेतलं. गिऱ्हाईक नेहमी असंच करतं. मूळ गोष्ट चावी हातात देऊन निघता निघता सांगतं.

माझा अंदाज, आजार एकच आहे. घाटात गाडी तापली, इंजिनचं वरचं ॲल्युमिनियमचं झाकण, म्हणजे हेड, किंचित वाकलं आणि हेड नि खालच्या ब्लॉकमधली फट बुजवणारं पातळ गॅसकेट एका जागी सुटलं. आता रात्री काय होतं बघा. तुम्ही गरम गाडी बंद करता तेव्हा आतल्या पाण्याला प्रेशर असतं. ते प्रेशर पाणी त्या फटीतून सिलिंडरमध्ये ढकलतं, थेंब थेंब. सकाळी सेल मारला की त्या सिलिंडरचा प्लग ओला, तो काय पेटणार? तीन सिलिंडरांतला एक बंद म्हटल्यावर गाडी थरथरणारच. अर्ध्या मिनिटात ते पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागते. तुमची फरशी कोरडी राहते ती यामुळेच.

पण अंदाजावर हेड उतरवू नका. मी उतरवलंय एकदा. कार्ब्युरेटरवाली 800 होती, लक्षणं अगदी हीच. हेड खोललं, तर गॅसकेट चांगलं! पाणी जात होतं इनटेक मॅनिफोल्डच्या गॅसकेटमधून. त्या गाडीत मॅनिफोल्ड गरम ठेवायला त्यातून पाणी फिरवलेलं असतं. गिऱ्हाइकाकडं मजुरी मागायला तोंड नव्हतं.

म्हणून आधी बाहेरचं बघा. वॉटर पंपाखालचं बारीक भोक, हीटरचे पाइप, रेडिएटरच्या कॅपचं रबर, आणि पायाखालचं मॅट ओलं लागतंय का तेही. गरम इंजिनवर गळलेलं पाणी खाली पडायच्या आत वाळतं, पण बोअरच्या पाण्याचा एवढा एक फायदा, गळतं तिथं पांढरा डाग ठेवून जातं.

तिथं काही सापडलं नाही तर संध्याकाळी गाडी फिरवून आणून लावा आणि सकाळी स्टार्ट न करता मेकॅनिकला घरी बोलवा. गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेली की पुरावा वाफ होऊन गेला. रेडिएटरचा वरचा पाइप हातानं दाबून बघा. रात्रभर थंड झालेला पाइप मऊ पाहिजे. तो टणक लागला, कॅप उघडताना फस्स आवाज आला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. (ही कॅप थंड गाडीचीच उघडायची. गरम गाडीची उघडून हात भाजून घेतलेले दरवर्षी दोघं-तिघं येतात माझ्याकडं.)

मग तिन्ही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडा; कुठल्या सिलिंडरचा कुठला, ते चुकू नये. दोन प्लग तपकिरी आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ किंवा ओला निघाला, तर चोर सापडला. कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढा, प्लगच्या भोकांवर फडकं टाका, तोंड लांब ठेवा आणि सेल मारा. पाणी असेल तर फडक्यावर पिचकारी येते. प्लग जागेवर ठेवून मात्र पुनःपुन्हा सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी जास्त साठलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिन बोअर करायचं म्हणाल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजल्याशिवाय हो म्हणू नका. आकड्यापेक्षा तिघांतला फरक बघायचा. जो कमी भरेल त्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग गेल्या, हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. डिपस्टिकला साय दिसत नाही म्हणून गॅसकेट ठीक, असंही नसतं. पाणी ऑइलमध्ये न जाता नुसतं सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. पांढऱ्या धुराचंही तसंच. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या थंडीत, सकाळी कुठल्याही गाडीतून वाफ येते. कूलंट जळताना गोडसर वास येतो, पण तुमच्या गाडीत नुसतं पाणी, तो वासही येणार नाही.

गॅसकेटच निघालं तर एका गोष्टीवर अडून बसा : हेडचं फेसिंग, म्हणजे वाकलेलं हेड मशीनवर सपाट करून घेणं. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून 0.05 मिलिमीटरची पाती जाते का ते समोर बघा. गेली तर हेड वाकलंय. त्यावर नवं गॅसकेट टाकलंत तरी पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानंच, मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं आवळायचे. हात लागलाच आहे तर टायमिंग बेल्टही बदलून घ्या.

आणि गाडी मुळात तापली कशामुळं, ते राहिलंच. इतकी वर्षं बोअरचं पाणी, म्हणजे रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर बसलेला असणार. तो साफ करून घ्या, फॅन लागतोय का बघा, नवी कॅप टाका, आणि निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरा. इंजिनला बोअर नको गुरुजी, बोअरचं पाणी बंद करा. कुणी रेडिएटरमध्ये हळद टाका म्हणेल. आमच्या उस्तादांच्या काळात मीही टाकलीय. गळती चार दिवस थांबते आणि नळ्या कायमच्या बुजतात.

काम होईपर्यंत तुळजापूर एसटीनं करा.

प्रश्न : मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाक, सोलापूरच्या उन्हात त्याचं कामच काय?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : आपलं ऊन कितीही तापलं तरी 45 अंशांच्या आतबाहेर. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, उघडतो 82च्या आसपास. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारीसुद्धा इंजिनच्या हिशेबानं बाहेर थंडीच आहे. तो काढला की इंजिनला गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, प्लग काळे पडतात. गाडी तापतेय म्हणून काढायला सांगितलं असेल तर आधी तो तपासा. जुन्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवून त्यात दोऱ्यानं टांगा, पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका. पाण्याला उकळी फुटायच्या आत उघडला आणि थंड झाल्यावर मिटला, तर आहे तोच परत बसवा. नाही उघडला तर नवा आणा. पातेलं मात्र परत स्वयंपाकघरात नेऊ नका, घरचे मला शिव्या घालतील.