वजन कमी करायला कोणतं ॲप घ्यावं? भरीत-भाकरी खाणाऱ्याने आधी काय तपासावं

तुम्ही विचारलंय की भुसावळला राहता, काम बैठं आहे, वजन उतरवायचंय आणि मायफिटनेसपाल, हेल्दीफाय, क्रोनोमीटर अशी खाण्याच्या कॅलरी नोंदवायची तीन ॲपं फोनमध्ये घेऊन बसलात. यातलं कोणतं ठेवावं, आणि पैसे भरावेत का?

भाऊ, तुमच्या घरी खान्देशी स्वयंपाक होत असेल तर ॲपची परीक्षा एकाच गोष्टीवर घ्या. घरच्या भाजीची कृती त्यात एकदा भरून ठेवता येते का, आणि पुढच्या वेळी ती चटकन सापडते का? स्टार किती आणि आधी-नंतरचे फोटो किती भारी, ते सोडून द्या.

भरीत शोधून बघा म्हणजे कळेल. बहुतेक ठिकाणी 'बैंगन भरता' निघतो, टोमॅटो घातलेला, पंजाबी धाटणीचा. आपलं भरीत म्हणजे कापसाच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, बडगीत (लाकडी उखळीत) ठेचलेली, त्यात हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा, शेंगदाणे आणि हात न आखडता तेल. आता हिशेब मांडू. किलोभर वांग्यांच्या साधारण 250 कॅलरी. शंभर ग्रॅम कांद्याच्या पातीच्या 30. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांच्या 280 च्या आसपास. आणि तेल शंभर ग्रॅम घातलं तर त्याच्या एकट्याच्या 900, कारण कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात. एकूण 1460 झाल्या आणि त्यातला निम्म्याहून मोठा वाटा तेलाचा. तयार भरीत 900 ग्रॅम भरलं, तर शंभर ग्रॅमला 160 कॅलरी पडल्या. ॲपमधला तयार आकडा कुणाच्या तरी कमी तेलाच्या भरत्याचा असला, तर रोज दोन-तीनशे कॅलरी हिशेबाबाहेर राहतात आणि आपण म्हणतो, एवढं कमी खाऊनही काटा का हलत नाही.

म्हणून कृती साठवायची सोय हवी. कच्चं सामान ग्रॅममध्ये भरायचं, शेवटी तयार भाजीचं वजन टाकायचं (रिकाम्या पातेल्याचं वजन एकदा करून लिहून ठेवा), मग ताटात वाढलेले ग्रॅम तेवढे नोंदवायचे. शेवभाजीचंही असंच. शेव शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या घरात जाते आणि वर तर्री वेगळी. कळण्याच्या भाकरीला तर काटा एकदाच लागतो. पीठ किती घेतलं आणि भाकरी किती झाल्या, बस. ज्वारी-उडदाच्या शंभर ग्रॅम पिठाच्या साधारण 340 कॅलरी धरा. आपल्याकडची मोठी भाकरी 80-90 ग्रॅम पिठाची सहज होते, म्हणजे एकीला तीनशेच्या आसपास. ॲपमध्ये 'भाकरी, 1 नग' असं असतं ती बऱ्याचदा याहून बरीच लहान असते.

आमच्या घरी ओट्यावर काटा आला तेव्हा आई म्हणाली, "आते काय भाकर बी मोजीसन खावानी?" मग तोडगा निघाला: स्वयंपाकाच्या आधी आणि नंतर फक्त तेलाच्या बाटलीचं वजन करायचं. फरक तेवढं तेल. तिला त्रास नाही, आणि नोंदीतला सगळ्यात महागडा आकडा बरोबर मिळतो.

आता तुमची तीन ॲपं. मायफिटनेसपालचा साठा अफाट, पण त्यात लोकांनी भरलेल्या नोंदी खूप, त्यामुळे एकाच पदार्थाचे पाच वेगळे आकडे दिसतात. बारकोड वाचायची सोय 2022 पासून पैसे भरणाऱ्यांनाच आहे. 2018 मध्ये त्यांच्या सुमारे 15 कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली होती, तेव्हा कोणतंही ॲप घेतलं तरी बँकेचा पासवर्ड तिथे वापरू नका. हेल्दीफाय आपल्या देशातलं, वाटी-नगाच्या मापात बोलतं, पोहे-इडली पटकन सापडतात. सुरुवातीला तेच सोपं वाटेल. क्रोनोमीटरमध्ये देशी तयार पदार्थ कमी, पण कच्च्या जिनसांचे आकडे तपासलेले असतात आणि कृती साठवणं फुकटात होतं. माझं मत क्रोनोमीटरला. कृती भरायचा कंटाळा असेल तर मात्र हेल्दीफाय घ्या, कारण अर्धवट सोडलेल्या चांगल्या ॲपपेक्षा रोज भरलेलं साधं ॲप बरं.

एखाद्या कच्च्या जिनसाचा आकडा संशयास्पद वाटला तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे भारतीय अन्न घटक तक्ते बघा, त्यात 528 पदार्थ आहेत. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय, 4.184 ने भागलं की आपली कॅलरी. आणि कच्ची डाळ की शिजलेली, हे निवडताना नीट बघा. कच्ची तिप्पट भारी पडते.

फोटो काढून कॅलरी सांगणाऱ्या सोयीवर फार विसंबू नका. शेवभाजीची तर्री कॅमेऱ्याला दिसेल, भरितात मुरलेलं तेल कसं दिसणार?

सुरुवातीला ॲप विचारेल, आठवड्याला किती किलो? एक किलोवर बोट ठेवू नका. किलोभर चरबीमागे साधारण 7700 कॅलरी धरतात, म्हणजे रोज 1100 ची तूट, आणि बैठ्या माणसाच्या ताटात मग उरतं काय? अर्धा किलो पुरे. चालल्याच्या कॅलरी जेवणाच्या कोट्यात परत जमा करणारी सेटिंग असेल तर बंद करा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते.

शेवभाजी खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर गेला तरी घाबरायचं कारण नाही, मिठामुळे धरलेलं पाणी असतं ते. रोजच्या वजनाची सरासरी रेघ दाखवणारं ॲप वेगळं ठेवा. अँड्रॉइडवर लिब्रा आहे, आयफोनवर हॅपी स्केल. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरचे मांडे आणि आमरस मात्र मोजत बसू नका, अंदाजे मोठा आकडा टाका आणि जेवा.

पैशांचं म्हणाल, तर पहिला महिना एक रुपयाही भरू नका. त्यापेक्षा ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकाचा काटा घ्या, तो पाच-सहाशे रुपयांच्या आत मिळतो. नंतर भरायचेच ठरले तर महिन्याचे भरा, वर्षाचे नकोत. आणि सोडायचं झालं तर प्ले स्टोअरमध्ये जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करा, कारण नुसतं ॲप काढून टाकल्याने खात्यातून पैसे कापणं थांबत नाही.